एका समुद्राची तीन शून्यं

माझं काम म्हणजे भांडणं लिहून घेणं. कागदावर त्याला 'समन्वय' म्हणतात. समुद्र वर येतोय आणि किनाऱ्याचं काहीतरी करायला हवं, हे सगळ्या खात्यांना मान्य आहे. पण बंदर एकाकडे, गटारं दुसऱ्याकडे, किनाऱ्याचे नकाशे तिसऱ्याकडे. या सगळ्यांना महिन्यातून एकदा एका टेबलाशी बसवायचं, कोण काय बोललं ते इतिवृत्तात लिहायचं, आणि कोणी उठून जायच्या आत चहा आणायचा. एवढ्यासाठी परळला एक छोटा कक्ष उघडला आणि त्यात मला बसवलं. कक्ष आहे पूर्वीच्या गिरणीच्या जागेवरच्या काचेच्या इमारतीत, अकराव्या मजल्यावर. आई अजून शेजारणींना "ती गिरणीत गेलीय" असंच सांगते. मी लालबागची, त्यात मालवणी. माझं तोंड आधी चालतं, डोकं मागाहून येतं. अशा बाईला समन्वयाला बसवणाऱ्याचं मला आजही कौतुक वाटतं.

दोन वर्षांपूर्वी किनाऱ्याच्या आराखड्याचा पहिला मसुदा निघाला. नकाशावर एक लाल रेषा होती. पुढे उधाणाचं पाणी इथवर येणार, तेव्हा रेषेच्या आतली घरं हलवावीत, असं खाली लिहिलं होतं. दादरच्या पलीकडे एक कोळीवाडा आहे, त्याची पुढची तेरा घरं आत पडली होती. मी तो मसुदा तीनदा वाचला. ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, पानांना आकडे घातले आणि दिला पाठवून. आत कोणाची घरं आहेत, हे बघायचं मला सुचलंसुद्धा नाही. सांगायला लाज वाटते, पण झालं ते असं.

ते मला कळलं मासळी बाजारात. तिथे एक मावशी आहे, मी पंधरा वर्षं तिच्याकडूनच मासे घेते. एरवी मला बघितलं की ती टोपलीतले चांगले बोंबील वर काढते. त्या दिवशी हातच लावू देईना. म्हणाली, तुझ्या हापिसाची यादी वाड्यात लागलीय, आणि पहिलं घर माझं आहे. लग्न होऊन ती त्या घरात आली, मुलं तिथे झाली, नवराही तिथूनच गेला. वाळूतून सात पायऱ्या चढल्या की तिचा उंबरा. मी काहीतरी बोलायला गेले, तर तिने मला थांबवलं.

"माज्या उंबऱ्याला पानी लागलं ना, तर मी स्वता कुलूप घालून चावी तुज्या हातात देन. पन आदी लागू तर दे."

मी मासे न घेताच घरी आले. आईने विचारलं, बाजार बंद होता काय? मी तिच्यावरच खेकसले, मग वाईट वाटून चहा करून दिला.

दुसऱ्या दिवसापासून मी तिन्ही खात्यांच्या मागे हात धुऊन लागले. मला एकच हवं होतं, सगळ्यांनी एकत्र येऊन ते घर बघावं. दीड महिन्याने तिघं आले. बंदरातले साहेब, निवृत्तीला आलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि शिस्तीचे अगदी कडक. गटारांच्या खात्याचा इंजिनिअर, गोलमटोल आणि हसरा. आणि नकाशांच्या खात्यातली एक तरुण मुलगी, जिला कोणी नीट बोलूच द्यायचं नाही. मी प्रत्येकाच्या हातात खडू दिला. म्हटलं, मसुद्यातला उधाणाचा आकडा आपापल्या यंत्राने मोजा आणि मावशीच्या भिंतीवर रेघ मारा.

नकाशावालीची रेघ खिडकीच्या वर गेली. साहेबांची रेघ तिसऱ्या पायरीशी आली. इंजिनिअरने मोजलं, पुन्हा मोजलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, माझ्या हिशेबाने पाणी वाळूच्याही खाली आहे. मावशी कमरेवर हात ठेवून सगळं बघत होती.

"दर्या एकच हाय ना गो बाय? मग रेघा तीन कशा?"

अख्खा वाडा हसला. माझ्या डोक्यात मात्र तिडीक गेली. मी तिघांना तिथेच वाळूत उभं केलं आणि म्हटलं, आत्ता सांगा, हे काय आहे? मग कळलं ते असं. प्रत्येक खात्याचं शून्य वेगळं. बंदरवाले ओहोटीच्या अगदी खालच्या पाण्यापासून मोजतात, कारण जहाज तळाला टेकता कामा नये. नकाशावाले समुद्राच्या सरासरी पाण्यापासून मोजतात. आणि गटारवाले शहरातल्या एका जुन्या इमारतीवरच्या खुणेपासून खाली उतरत; त्यांचं शून्य पार जमिनीच्या पोटात. मसुदा करताना कोणीतरी बंदराचा आकडा उचलला आणि नकाशावाल्यांच्या शून्यावर नेऊन ठेवला. पोराची उंची जमिनीपासून मोजायची आणि तोच आकडा पलंगावरून लावायचा, तसा प्रकार. पोर एकदम छताला टेकणार. तसं आमचं पाणी खिडकीला टेकलं होतं. आणि तो मसुदा तीनदा वाचणारी मी, मला पानांचे आकडे दिसले, हा दिसला नाही.

आता चूक सापडली म्हणजे सुटली, असं तुम्हाला वाटेल. छे! तिथेच तर घोडं अडलं. तिघंही आपापल्या जागी बरोबर होते, त्यामुळे कोणीच हलेना. पत्रं सुरू झाली. आमच्या शून्यावरून नकाशा करा. शून्य बदलण्याचे अधिकार आमच्याकडे नाहीत. आपल्या पत्राच्या संदर्भात कळवण्यात येते की. असे चार महिने गेले. इकडे मावशी दर रविवारी विचारायची, काय झालं? आणि मी दर रविवारी पापलेटाकडे बघत बसायचे.

शेवटी एका बैठकीत साहेब म्हणाले की आमचं शून्य ही काय दुकानाची पाटी आहे का, आज काढली आणि उद्या दुसरी लावली. माझं काम लिहायचं, बोलायचं नाही. पण पेन खाली ठेवलं गेलं.

"साहेब, तुमचं शून्य तुमच्याकडेच राहू द्या. मला फक्त एवढं सांगा, मावशीच्या कितव्या पायरीवर पाणी येतं?"

मला वाटलं, गेली नोकरी. तेवढ्यात नकाशावाली मुलगी हळूच म्हणाली की आपण मोठ्या उधाणाच्या दिवशी तिथे जाऊन बघू शकतो. त्या दिवशी प्रथमच तिचं वाक्य कोणी तोडलं नाही.

आषाढी अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. पावसाने छान उघडीप दिली होती. मासेमारी बंद, होड्या वर ओढून ठेवलेल्या, त्यामुळे सगळा वाडा घरी होता आणि सगळा वाडा बघायला आला होता. साहेब पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, बूट हातात धरून उभे होते. त्यांचे पाय शर्टापेक्षा पांढरे आहेत, असं एक कोळीण मोठ्याने म्हणाली आणि साहेब चक्क हसले. इंजिनिअर म्हणाला, पाणी पाचव्या पायरीला येईल. मुलं म्हणाली, घरात शिरेल. मावशी उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, तिसरी भिजेल, चौथी कोरडी.

दुपारी बारानंतर पाणी पायऱ्या चढायला लागलं. पहिली पायरी गेली, दुसरी गेली. हळूहळू हसणं थांबलं. तिसरी पायरी भिजली. मी मावशीकडे बघितलं, तर तिच्या सुपातले हात थांबले होते. तेवढ्यात एक लाट आली आणि चौथी पायरी ओली करून गेली. मावशीने सूप बाजूला ठेवलं.

साहेब पुढे झाले. म्हणाले, "लाट धरायची नाही. पाणी धरायचं."

आम्ही पाणी धरलं. ते तिसऱ्या पायरीवर डुलत राहिलं, बराच वेळ. साहेबांनी घड्याळ बघितलं, पायरी बघितली, पुन्हा घड्याळ बघितलं. मग म्हणाले, वळलं, आता ओहोटी. तिघांनी त्याच क्षणी आपापले आकडे वाचले. आकडे तीन, पायरी एक. वाड्यात काय ओरडा झाला म्हणून सांगू! इंजिनिअरने नकाशावालीला टाळी दिली, मी रडत होते आणि हसत होते. रंगाचा डबा आणलाच होता. साहेबांनी स्वतः वाकून पायरीवर रेघ मारली आणि ठरलं की इथून पुढे तिन्ही खाती आपला आकडा आधी या रेघेशी जुळवून घेतील. कागदावर सह्या झाल्या, बर्फाच्या पेटीवर ठेवून.

मग मावशीने सगळ्यांना जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण. साहेबांनी दोनदा मागून घेतलं. जेवता जेवता मावशी नकाशावालीकडे वळली.

"हे आजचं झालं. माजी नात म्हातारी होल तवा?"

पोरीचा घास हातातच राहिला. तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, म्हटलं, खरं तेच सांग. तिने सांगितलं की तेव्हा चौथी भिजेल, कदाचित पाचवीही.

मावशीने भाकरीचा तुकडा मोडला. "मग घर वर चढवा. आमी लांब ऱ्हायलो तर होडी कोन बगल?"

साहेबांनी मला खूण केली, हे लिहून घ्या. मी डाव्या हाताने वही ओढली.

सुधारलेला मसुदा तीन महिन्यांनी परळच्या बैठकीत आला. या वेळी टेबलाशी वाड्यासाठी एक खुर्ची होती. ती मिळवायला मी पुन्हा भांडले, ते सांगत बसत नाही. मावशी बाजार दुसरीवर टाकून आली होती, चांगलं लुगडं नेसून. तिला वाचता येत नाही. वाड्यातल्या घरांचं कलम आलं तेव्हा मी ते वाचून दाखवलं: पुढच्या रांगेतली तेरा घरं आहेत तिथेच राहतील, त्यांची जोती उंच करून दिली जातील आणि होड्यांची वाट मोकळी ठेवली जाईल.

ती म्हणाली, पुन्हा वाच. मी वाचलं. ती म्हणाली, आणखी एकदा. मी 'पुढच्या रांगेतली' एवढंच म्हटलं आणि पुढे वाचता येईना. मान खाली घालून कागदच बघत राहिले. शेवटी साहेबांनी तो माझ्या हातातून घेतला, उभे राहिले आणि सगळं कलम तिच्याकडे बघत, सावकाश, शेवटपर्यंत वाचलं.