चिंचेनं घासलेले नऊ बोल्ट

"पंच मारला तू यावर! घरी बसून अक्षर ठोकलं अन् आणून देल्लं मले."

"उद्धवराव, पंचच मारायचा असता तं दोन वर्सं गावोगाव काऊन फिरलो असतो मी?"

"फिरला का घरी झोपला, मी काय पाह्यले आलतो?"

ओसरीसमोर बॉनेट उघडी टाकून जीप उभी होती. उद्धवराव आणि खुशाल मिस्त्रीच्या मधे स्टीलची ताटली, ताटलीत नऊ बोल्ट. नव्या नवरीच्या जोडव्यांसारखे चमकत होते मेले.

"कालच हैद्राबादचे पाव्हणे येऊन गेले," उद्धवराव म्हणाले. "एक बोल्ट हातात घेतला अन् हसले. म्हणे, पन्नास वर्सांचा बोल्ट असा चमकते का? डुप्लिकेट हाये म्हणे. माह्या तोंडावर!"

जीप दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. उद्धवरावांच्या वडिलांनी लष्कराच्या लिलावात घेतलेली. पुढच्या महिन्यात ती हैदराबादच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात उभी राहायची होती. तिथले परीक्षक इंजिनात डोकं घालून बोल्ट बोल्ट तपासतात. प्रत्येकाच्या डोक्यावर कंपनीचं अक्षर हवं आणि अंगावर कारखान्यातला तो मळका, काळपट थर. त्या इंजिनातले नऊ बोल्ट कुठल्याशा मेकॅनिकनं कधीच बदलून टाकले होते.

ते शोधून आणले नेरडीगोंड्याच्या खुशाल मिस्त्रीनं. त्याचा बाप याच घरी सालदार होता, 'मालक, मालक' करत म्हातारा झाला. खुशाल आरटीसीच्या बस डेपोत तीस वर्षं फिटर होता आणि त्यानं कुणालाच मालक म्हटलं नाही. "खुशालनं हात लावला ना? मंग बॉनेट उघडू नको," असं म्हणून ड्रायव्हर लोक गाडी काढायचे. आयुष्यभराची कमाई म्हणाल तर एवढीच.

दोन बोल्ट बाजारहत्नूरच्या पीठगिरणीत निघाले. गिरणीला मेलेल्या जीपचं इंजिन जोडलेलं होतं. बदली बोल्ट बसवेपर्यंत गिरणी अर्धा दिवस बंद राहिली आणि दळण घेऊन आलेल्या बायांनी त्याचा यथेच्छ उद्धार केला. "चाचा, ये नहीं, वो अक्षरवाला," करत निर्मल गावच्या भंगारवाल्याची पोती उपसली, तेव्हा सहा मिळाले. नववा एका गोठ्याच्या फाटकात खीळ म्हणून ठोकलेला होता. रॉकेलच्या फडक्यानं नुसते टिपले त्यानं सगळे, थर जाऊ नये म्हणून. दसऱ्याच्या आधी पेपरात गुंडाळून उद्धवरावांच्या हातात दिले.

आणि आता डुप्लिकेट.

"थांबा," खुशाल म्हणाला. चष्मा चढवून त्यानं एक बोल्ट उजेडात धरला. आट्यांच्या खाचेत काहीतरी तांबूस अडकलं होतं. नखानं काढून त्यानं वास घेतला.

"हे चिंचेनं घासले कोनं?"

दारात उद्धवरावांच्या बायको जयवंताबाई उभ्या होत्या. "म्या घासले," त्या म्हणाल्या. "खंडेनवमीले औजारं पूजेत मांडतो ना आमी. यायनं पुडी देली, हे बी मांड म्हणले. चिंच अन् राख लावून घासले. किती काळे होते ते!"

"तो काळाच तं असली रंग होता, बाई." खुशालचा आवाज खाली आला. "पाने, हातोडी, तेबी घासले?"

"नाई. ते घरचेच होते."

जयवंताबाईंनी पदर सारखा केला.

"हे तुमच्या घरून आलते ना. देवापुढं मांडायचे, म्हून धुवून घेतले."

उद्धवराव खाकरले, मग मोठ्यानं हसले.

"घ्या! म्हणजे डुप्लिकेट नाईतच. असलीच हायेत. उगाच डोकं तापवलं पाव्हण्यानं. जयवंता, च्या टाक मिस्त्रीले."

खुशाल ताटलीकडे पाहत राहिला. 'चुकलं' एवढा शब्द येईल म्हणून तो थांबला होता. वाट पाहायची सवय बापाकडून आली असावी.

"यायले काळा रंग मारला तं?" उद्धवरावांनी विचारलं.

"मंग डुप्लिकेटच होतीन ते."

"मंग असं कर. प्रदर्शनाले अजून पंचवीस दिवस हायेत. तुले ठिकानं माहीत हायेत सारे. दुसरे नऊ पाहून आन. अन् या वेळेस मी देवघरात जाऊ देत नाई, मंग तं झालं? केवा निघतं, सांग."

खुशालनं हातातला बोल्ट ताटलीत ठेवला, इतर आठांच्या शेजारी, हळू, आवाज न करता. पान्यांची पिशवी उचलून खांद्याला लावली. पायरीखाली चपला घातल्या.

"अरे खुशाल, केवा निघतं, विचारून राह्यलो ना मी?"

तो जीपला वळसा घालून फाटकाबाहेर पडला आणि बसच्या रस्त्याला लागला.