गौरी-गणपतीची गोळी

पेणच्या आमच्या गल्लीतल्या मेडिकलवाल्याला माझ्या पाळीची तारीख माझ्या नवऱ्यापेक्षा नीट ठाऊक होती. श्रावण संपत आला की मी काउंटरपाशी जाऊन उभी राहायचे आणि मी तोंड उघडायच्या आत तो विचारायचा, "गणपतीच्या ना?" मी मान हलवायचे. मग तो पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांची पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळायचा, वर काळी पिशवी घालायचा आणि इकडेतिकडे बघत माझ्या हातात सरकवायचा. डॉक्टरची चिठ्ठी त्याने कधी मागितली नाही. माझ्या पुढेमागे उभ्या असलेल्या बायकांच्या हातातही तशीच काळी पिशवी असायची. एकमेकींकडे न बघता आम्ही आपापल्या रस्त्याला लागायचो.

आमच्या घरचा गणपती रोह्याला, मोठ्या दिरांकडे. सासूबाईही तिथेच असतात. मूर्ती मात्र आम्ही हमरापूरच्या ठरलेल्या कारखान्यातून न्यायची आणि तीही माझ्या मांडीवर. नवरा गाडी चालवणार, मी देवाला कवटाळून बसणार आणि रस्ता जिथे खराब असेल तिथे सोंड माझ्या हनुवटीला लागणार. तिथे पोचलं की उकडीचे मोदक माझ्याकडे. "कळ्या काढाव्यात तर हिनेच," असं जाऊबाई चारचौघांत तोंडभरून सांगायच्या, म्हणजे त्यांना मोदक वळायला बसावं लागत नसे. मग गौरी, घावन-घाटलं, पाहुण्यांच्या पंगती. एवढी कामं अंगावर असलेली बाई ऐन वेळी बाजूला बसली तर सगळंच अडलं. म्हणून गोळी. कापूर, वाती आणि गोळी मला एका दमात आठवायची.

गेल्या वर्षी तारीख नेमकी गौरीजेवणाच्या दिवशी येत होती. मी हरितालिकेच्या आधीच गोळ्या सुरू केल्या. गौरी आल्या त्या दिवशी डावी पोटरी भरून आली. उभं राहून राहून दुखत असेल म्हणून कुणी लक्ष दिलं नाही, मीही नाही. दुसऱ्या दिवशी पाय सुजून तुकतुकीत झाला आणि हात लावला तर गरम लागायला लागला. सासूबाईंनी तेल कोमट केलं आणि माझा पाय मांडीवर घेऊन चांगला रगडून चोळला. "शीर धरलीय गो, मोकली व्हयल," म्हणाल्या. त्यांच्या मायेत खोट नव्हती. पण ज्या पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी बसली आहे तो पाय चोळायचा नसतो, हे आमच्यापैकी कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

शेजारचे डॉक्टर आरतीला आले होते. त्यांनी पाय बघितला आणि विचारलं, "कुठलं औषध चालू आहे का?" मी म्हटलं, नाही. नवराही म्हणाला, नाही. जाऊबाई, सासूबाई तिथेच उभ्या होत्या. आमच्यापैकी एकीनेही गोळीचं नाव काढलं नाही. लपवलं असंही नव्हतं. ती गोळी म्हणजे औषध, हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. "उद्या पेणला जाऊन नीट तपासून घ्या," एवढं सांगून ते प्रसाद खाऊन गेले.

विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही पेणला निघालो. सासूबाई माझ्याबरोबर राहायला म्हणून गाडीत बसल्या. नागोठणे गेलं आणि माझा श्वास पुरेना. छातीत एका बाजूला सुरी फिरावी तसं दुखायला लागलं. खोकला आला आणि त्याबरोबर तोंडात काहीतरी खारट आलं. मी पिशवी शोधत होते, तोवर सासूबाईंनी आपला पदर माझ्या तोंडाखाली धरला. फेसाळ, लालसर थुंकी त्यांच्या नव्या साडीवर पडली. त्यांनी तो पदर हातात तसाच चुरगळून धरला आणि दुसऱ्या हाताने माझी पाठ दाबत राहिल्या. नवऱ्याने गाडी पेणला थांबवलीच नाही, तडक पनवेलला नेली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मशीनमधून फोटो काढून घेतल्यावर सांगितलं, की पायातल्या गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात जाऊन अडकला आहे. जरा मोठा असता तर गाडीतच संपलं असतं. मग त्यांनी सरळ विचारलं, "पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली होती?" मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "ती व्हय? ती काय औषध हाय? ती सगळ्याच घेतात." डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून घेतले. दर गणपतीनंतर त्यांना हेच ऐकावं लागत असणार. त्या गोळीने काही बायकांचं रक्त गोठायला लागतं, हे त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. पुढे तपासण्यांत निघालं, की माझ्या रक्तात मुळातच गोठण्याचा कल आहे. गोळीने त्याला फक्त ढकलून दिलं.

इस्पितळात रक्त पातळ करायची इंजेक्शनं पोटात घ्यावी लागली. नर्स बेंबीच्या बाजूची चरबी चिमटीत धरायची आणि सुई आत घालायची. थोड्याच दिवसांत पोटावर जांभळे, हिरवे, पिवळे डाग पडले. माझंच पोट मला बघवेना. त्यात भेटायला येणाऱ्यांची रीघ. एक चुलतसासू सफरचंदाची पिशवी खाटेवर ठेवत म्हणाली, "गौरीची सेवा केलीस म्हणून वाचलीस हो!" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गौरीच्या सेवेपायीच मी इथे आडवी पडले आहे, असं म्हणावंसं वाटलं, पण बोलायला श्वास नव्हता. चुलतसासूने माझं न बोलणंही माझ्या श्रद्धेच्याच खात्यावर टाकलं असणार.

तेव्हापासून रक्त पातळ करायची गोळी रोज चालू आहे आणि बहुधा जन्मभर राहील. आता भाजी चिरताना बोट कापलं तर रक्त थांबायला बराच वेळ लागतो. हिरड्यांतून रक्त येतं. आणि जी पाळी पुढे ढकलायला मी इतकी वर्षं मरत होते, ती आता आठ-दहा दिवस धो धो चालते. मी शिकवते त्या शाळेत दोन तासांच्या मध्ये मला साडी बघायला धावावं लागतं. पुढे ढकलायची गोळी तर आता विषासारखी वर्ज्य.

यंदा तारीख पुन्हा गणपतीतच येणार हे मी सासूबाईंना आधीच फोनवर सांगितलं. लपवायचं आता काय होतं? त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "मग तू यंदा पेणलाच र्‍हा गो. आराम कर. तुझ्या जिवापरीस काय मोठं नाय." फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, की मला घरातून वगळलं आहे आणि तेसुद्धा काळजीच्या नावाखाली. माझी रक्ताळलेली थुंकी पदरात झेलणारी बाई ती. त्या रक्ताची तिला किळस आली नव्हती. हे रक्त मात्र दुसऱ्या तालुक्यातच राहिलेलं बरं!

मी गेले. नवरा म्हणाला, "कशाला उगीच?" मी म्हटलं, "मूर्ती मांडीवर कोण धरणार, तू?" त्याने गाडीची किल्ली उचलली. आम्ही निघायच्या आधीच पाळी सुरू झाली होती, हे त्याला ठाऊक होतं. गणपतीबाप्पा माझ्या मांडीवर बसून नागोठण्यापुढची खिंड ओलांडून रोह्याला आले. त्यांनी काही तक्रार केली नाही.

रोह्याला घर भरलेलं होतं. जाऊबाईंच्या मुलाचं लग्न वैशाखात झालेलं, नव्या सुनेचा हा पहिला गणपती आणि गौरीसमोर सुपं घेऊन करायचा पहिला ओवसा. तिचे आईवडीलही आले होते. मी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून राहिले. नवी सून पाणी घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "काकू, तुम्हाला विचारायचं होतं. या गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या की जेवून?" तिच्या मुठीत तीच पट्टी होती. चार खाचा रिकाम्या होत्या.

"कुणी दिल्या?"

"आईंनी." म्हणजे जाऊबाईंनी. गेल्या वर्षी मी आत असताना अतिदक्षता विभागाच्या दाराशी रुमाल तोंडाला लावून रडत उभी होती ती बाई!

मी तिला म्हटलं, आजच्या आज बंद कर. माझं काय झालं ते तिला सांगितलं. पोरीचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "बंद केल्या तर दोन-तीन दिवसांत येईल. ऐन ओवशाला. मग मी कुठं बसू?"

मी आजूबाजूला पाहिलं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत देव. तिच्या खोलीत तिचे आईवडील आणि आमच्या बॅगा. मागे अंगण नाही, पडवी नाही, जिन्याखाली दुसऱ्यांच्या मोटारसायकली. या घरात बाजूला बसायला जागाच नव्हती. म्हणून तर गोळी होती.

मी उठले आणि तिला घेऊन स्वयंपाकघरात गेले. जाऊबाई उकड मळत होत्या, सासूबाई सारण हलवत होत्या. मी पट्टी ओट्यावर टाकली. जाऊबाईंनी आधी दाराकडे बघितलं.

"हळू बोल गो, बाहेर माणसं हायत."

"मी अजून बोललेच नाही वहिनी."

"तुझ्याच रक्तात खोट निघाली ना? डॉक्टरीणच म्हणाली. आम्ही इतकी वर्सं खाल्ल्या, आमाला काय झालं?"

"हिच्या रक्तात काय आहे ते तुम्हाला माहीत आहे? मला तरी माझं कुठे माहीत होतं? कळायला आधी मरायला टेकावं लागतं."

सासूबाईंचा झारा थांबला. मी हात धुतले, बोटांना तूप लावलं, उकडीचा गोळा घेतला आणि पारी करायला बसले. नव्या सुनेला म्हटलं, "तू इथं बस. माझ्या शेजारी." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "माझा आज दुसरा दिवस आहे."

जाऊबाईंच्या तोंडावर अशी किळस आली, की जणू कुणी परातीत पाल टाकली. नवी उकड काढायला वेळ नव्हता, तांदळाचं पीठ संपलं होतं. तेवढ्यात बाहेरून गुरुजींची हाक आली, "वहिनी, नैवेद्य!" मागोमाग विहीणबाईंचा आवाज, "मी येऊ का मदतीला?"

"नको नको!" जाऊबाई ओरडल्या. मग आवाज खाली आणून आम्हा दोघींना म्हणाल्या, "भायेर बोलू नका. झाकली मूठ सव्वा लाखाची." आणि स्वतःच मोदकपात्राखालचा गॅस मोठा केला. सासूबाईंनी कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडून ती पट्टी आत टाकली आणि पुन्हा सारण हलवायला लागल्या. माझ्या हातचे एकवीस मोदक देवापुढे गेले, मग गुरुजींच्या पानात, मग व्याह्यांच्या. व्याह्यांनी दोनदा मागून घेतले.

ओवशाच्या सकाळी नव्या सुनेला पाळी आली. तिने खालमानेने सासूला सांगितलं. मी दारात उभी राहून जाऊबाईंकडे बघत होते. त्यांनी क्षणभर ओठ दाबले, सुपं उचलून सुनेच्या हातात दिली, तिच्या डोक्यावरचा पदर नीट केला आणि बाहेर जमलेल्या शेजारणींना हसत सांगितलं, "पोरगी नशिबाची हाय हो! तारीख पुढं गेली, देव पावला." सगळ्या शेजारणी कौतुकाने हसल्या. जाऊबाई चहा टाकायला आत वळल्या.

एवढं एक खोटं त्यांना गेल्या वर्षी माझ्यासाठीही बोलता आलं असतं.