दुसरा दाणा

सोनाय सरकी लावायला वाकली की प्रत्येक खड्ड्यात दोन दाणे टाकायची. आमचं वावर संग्रामपूरच्या खाली, सपाटीला. ठिबकचं पाणी असल्यामुळे टाकलेला दाणा बहुतेक उगवतोच, शिवाय बियाणं महाग. मी सांगून थकले, पण तिचा हात ऐकत नसे. तिची शेती वर सातपुड्यात, मुरमाड उतारावर, नुसत्या पावसावर.

"दोन-दोन काऊन टाकतं वं?"

"एकाच्या भरोशावर कोनी राह्यते का, वयनी? एक गेला तं एक राह्यते."

दरवर्षी ती लावणीला आणि कापूस वेचायला आमच्याकडे येई. मी चारचौघांत तोंड उघडत नाही. ती म्हणायची, "आमच्या वयनीचा आवाज वाटीत मावते." आणि वावरभर ऐकू जाईल असं हसायची.

तिला चार लेकरं झाली, त्यातली दोन राहिली, एक मुलगा आणि एक मुलगी. माझीही दोनच, पण माझी झालीच दोन. आमच्या गावातल्या बाया म्हणत, डोंगरातल्या लोकांना पोरांची भारी हौस. मीही तसंच समजत होते. एका वेचणीला ती म्हणाली, सासू अजून एक पोरगा मागते. मी विचारलं, "इतकी कायची हौस वं तुमाले?"

"हौस नाही, वयनी. तुमच्या पोराले ताप आला तं दारात गाडी येते. आमचं पोरगं आन् दवाखाना, मधात नाला हाय. नाला उतरला तं जगते."

"माह्ये दोन पाह्य. जगले, शिकून राह्यले. आता तुह्ये बी जगतीन. ऑपरेशन करून घे."

"आज वाटी सांडली वाटते," ती म्हणाली. पण तिनं ऐकलं. सासूशी भांडून आली. ऑपरेशनच्या दिवशी मी दवाखान्यात तिच्या खाटेजवळ बसले होते. माझा हात तिनं सोडला नाही.

पुढच्या पावसाळ्यात तिच्या मुलाला ताप आला. नाला उतरेपर्यंत तो गेला.

वेचणीला ती आली तेव्हा सोबत मुलगी एकटीच होती. मी घरातून बाहेर येईना. तीच चुलीपाशी येऊन बसली.

"तुमाले काऊन बोल लावू? तुमच्या दोन लेकरायकडं पाह्यलं आन् मले खरं वाटलं."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आता माझ्या मुलाचा फोन आला आणि ती अंगणात असली, तर मी फोन घेऊन आतल्या खोलीत जाते.

यंदाही ती लावणीला आली. मी तिच्या मागून ठिबकची नळी सरळ करत होते. खड्ड्यात पाहिलं तर एकच दाणा. पुढच्या खड्ड्यातही एकच.

"सोनाय, एकच टाकला?"

"तुमीच सांगत होत्या ना."

ती न थांबता पुढे गेली. मी ओटीत बियाणं घेतलं आणि तिच्या मागून, प्रत्येक खड्ड्यात, दुसरा दाणा टाकत गेले.