कीरिया देस्पिनाच्या घरात पहिलं पाऊल

माझा पायगुण चांगला आहे असं म्हणणारी बाई आज सकाळी गेली.

कीरिया देस्पिना. वय अठ्ठ्याऐंशी. आमच्या खालच्या मजल्यावरची ग्रीक शेजारीण. ग्रीकमध्ये बाईमाणसाला मानाने कीरिया म्हणतात.
तिचं इंग्लिश, फ्रेंच, ग्रीक सगळं एकाच वाक्यात असायचं. इथे मराठीत लिहितेय.

मॉन्ट्रियलला येऊन आम्हाला दीड वर्षही झालं नव्हतं, तेव्हा माझा नवरा शेखर गेला. हार्ट अटॅक. ऑक्टोबर महिना. आमची मुलगी मुक्ता सहा वर्षांची.

डिसेंबरमध्ये एका मराठी मैत्रिणीकडे वास्तुशांत होती. तिचा फोन आला.
"तू थेट जेवायलाच ये ना. पूजेला नाही आलीस तरी चालेल."
प्रेमाने म्हणाली. म्हणूनच जास्त लागलं.
गेलेच नाही.

त्याच दुपारी देस्पिनाने बेल वाजवली. "कोट घाला दोघी. लाइट्स बघायला जाऊ."

मेट्रोने डाउनटाउन. मुक्ता भल्यामोठ्या ख्रिसमस ट्रीसमोर तोंड उघडं टाकून उभी.
देस्पिनाने नाक मुरडलं. "झाड काय बघायचं? आम्ही बेटावरची माणसं. आमच्याकडे बोट सजवतात. आपली माणसं समुद्रावरून घरी येतात ना, म्हणून."

घरी आल्यावर तिच्या खिडकीत बघितली ती बोट. लाकडी, हातभर लांब, दिव्यांची माळ लावलेली. बाजूला पिठीसाखरेत लोळवलेल्या कुराबिएदेसचा डोंगर. आपली नानकटाईच, फक्त बदामाची. मुक्ताने सहा खाल्ल्या.

एक जानेवारीला सकाळी परत बेल.
बाहेर मायनस बावीस. दारात देस्पिना, नेहमीच्या काळ्या ड्रेसमध्ये, हातात डाळिंब.
"चल खाली. नव्या वर्षात घरात पहिलं पाऊल कोणाचं पडतं, तसं वर्ष जातं. तू ये."

मी एक पाऊल मागे सरले.
"मुक्ताला घेऊन जा. ती लहान आहे. मी... आय ॲम अ विडो, कीरिया. आमच्यात चांगलं मानत नाहीत."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.
"मी तीस वर्षं विडो आहे. रोज त्याच घरात हिंडते. घर पडलं का?"
मग म्हणाली, "मुलगी नंतर. यू फर्स्ट. राइट फूट."

लग्नात माप ओलांडलं होतं. त्यानंतर इतकं जपून उजवं पाऊल टाकलं ते तिच्या उंबऱ्यावर.
मग तिने डाळिंब हातात दिलं. दारात आपटून फोडायचं. जितके दाणे उडतील तितकी भरभराट.
पहिल्यांदा फुटलंच नाही! दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा दाणे पार बुटांच्या रॅकपर्यंत उडाले. देस्पिना टाळ्या वाजवत होती आणि मी रडत होते.

पण गोष्ट इथे संपत नाही.

त्याच फेब्रुवारीत ती दाराबाहेरच्या पायऱ्यांवर बर्फावरून घसरली. खुबा मोडला.
ॲम्ब्युलन्स मीच बोलावली. सगळा रस्ता मनात एकच. माझ्यामुळे.

तिचा मुलगा निकोस टोरोंटोहून आला, तसं मी हॉस्पिटलला जाणंच बंद केलं. रोज सूप करून त्याच्याजवळ द्यायचे, बस्स.
दहाव्या दिवशी तिचा फोन. "सूप येतं. तू का येत नाहीस?"

सांगून टाकलं सगळं. पायगुणाचं. वास्तुशांतीचंसुद्धा.

ती फोनवर ओरडलीच.
"पायऱ्यांवरचा बर्फ वितळायला मीठ टाकायचं मी विसरले! मी! तू तिथे नव्हतीस. असतीस तर मला पकडलं असतंस. उद्या ये. आणि सूपमध्येही मीठ घाल जरा!"

पुढच्या एक जानेवारीला वॉकर धरून दारात उभी. डाळिंब तयार.

मग दर वर्षी मीच. काही वर्षं छान गेली. एका वर्षी माझा जॉब गेला, एका वर्षी तिची बहीण गेली. तिने कधीच कोणाच्या पावलाला बोल लावला नाही.

आणि मीही हळूहळू लावायची थांबले. हे तिचं देणं.

गेल्या महिन्यात केअर होममध्ये भेटलो ते शेवटचं. मुक्ताला ओळखलं तिने. "ग्रँडमा, इट्स मी" म्हणायच्या आधीच गालगुच्चा घेतला.

आज निकोसने फोनवर सांगितलं, "आईने लिहून ठेवलंय. अंत्यविधीला चर्चमध्ये पहिल्या बाकावर फक्त घरची माणसं."
मी म्हटलं, "हो, आम्ही मागे बसू."
तो म्हणाला, "लिस्टमध्ये तुझं नाव माझ्या आधी आहे."

शनिवारी मी आणि मुक्ता पहिल्या बाकावर असू.

नीट जा, कीरिया. फार माया केलीस.