स्पीकरवरचं रेशीम

आमच्या घरात कापड पारखायची एक रीत होती. कापड दोन्ही हातांत ताणून तोंडापाशी धरायचं आणि जोरात फुंकर मारायची. फुंकर पलीकडे गेली तर माल हलका, अडली तर वीण घट्ट. बेंगळूरच्या चिकपेटेतल्या आमच्या दुकानात वडिलांनी मला हे शिकवलं. मीही असा गुणी मुलगा की ते जन्मभर विसरलो नाही, आणि त्यापायीच एका रविवारी माझं नाक कापलं गेलं.

साठ सालानंतरची गोष्ट. सरकारी कारखान्यांमुळे पुण्या-मुंबईची बरीच माणसं तेव्हा बेंगळूरला येऊन राहिली होती. बसवनगुडीत त्यांतल्या काहींनी गाणं ऐकायचं मंडळ काढलं होतं. रविवारी संध्याकाळी कुणा एकाच्या घरी जमायचं, रेकॉर्डी ऐकायच्या, कॉफी प्यायची आणि गाण्याबद्दल वाद घालायचे. गाण्याच्या वेडापायी मीही त्यांच्यात शिरलो. आम्ही इथले पिढ्यान्‌पिढ्यांचे, आमच्या मराठीत कानडी मिसळलेलं. मी "स्वल्प थांबा" म्हटलं की ही मंडळी गालातल्या गालात हसत. आपसांत ती 'अहो पंत', 'अहो राव' अशी हाक मारत. मला मात्र 'शेठ' म्हणत. त्यात वाईट काही नव्हतं, पण तो शब्द ऐकला की आपल्याला बैठकीतून उठवून गल्ल्यावर बसवल्यासारखं वाटे.

बैठक उठताना मंडळातले सगळ्यांत वडील प्राध्यापक कुणा एकाकडे वळून विचारत, "पुढच्या वेळी काय ऐकवता?" ज्याला विचारलं तो जाणकार. मंडळात जायला लागून मला बरेच दिवस झाले होते, पण तो प्रश्न माझ्यापर्यंत कधी आला नव्हता. आता हसू येतं, पण तेव्हा मला दुसरं काही नको होतं. त्यांनी एकदा माझ्याकडे वळून तेवढं विचारावं.

माझ्याकडे स्टिरिओ होता, पण त्याच्याबरोबर आलेले स्पीकर डबड्यात खडे वाजवल्यासारखे वाजत. मंडळाला घरी बोलवायचं तर आधी स्पीकर बदलायला हवेत, असं मी ठरवलं. आणि बदलायचे तर उत्तमच घ्यायचे.

दंडूत, म्हणजे कॅन्टोनमेंटात, परदेशी सामान विकणारं एक दुकान होतं. मायदेशी परतणाऱ्या गोऱ्या लोकांच्या वस्तू तिथे येत. मी माझी आवडती रेकॉर्ड काखोटीला मारून गेलो. दुकानदाराने मला वरच्या खोलीत खुर्चीवर बसवून दोन जोड्या वाजवून दाखवल्या. पहिली जोडी सागवानी, पॉलिश केलेली, पितळी पट्ट्यांची. तिच्यात तबला दणदणीत वाजला. दुसरी दिसायला अगदीच गरीब. साध्या पेट्या, आणि पुढे गोणपाटासारखं जाळीदार तपकिरी कापड. पण त्या पेट्यांतून तानपुरा नुसता वाजला नाही, खोलीभर पसरला. आणि समेवर येण्याआधी गाणाऱ्या बाईंनी श्वास घेतला, तो मला ऐकू आला. ती रेकॉर्ड मी कितीदा ऐकली असेल, पण तो श्वास त्यात आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तोच श्वास. माझ्या अंगावर काटा आला.

"सगळे पितळेची जोडी मागतात," दुकानदार म्हणाला. "तुमचा कान चांगला आहे, अण्णा."

ती साधी जोडी घेऊन परतताना बसमध्ये वाटभर मी ते वाक्य मनात घोळवत होतो. पुढच्या रविवारी मंडळाला घरी बोलावूनही टाकलं.

कान खूश होता, पण रविवारी दुपारी डोळ्याचं बिनसलं. दिवाणखाना झाडूनपुसून लख्ख, सतरंज्यांवर पांढऱ्या चादरी, आणि मध्ये ती दोन गोणपाटं! कापडवाल्याच्या घरात येऊन पाहुण्यांनी गोणपाट बघायचं? आमच्याकडे दसऱ्याला दुकानातल्या कापड मोजायच्या गजालाही नवं वस्त्र चढवतात. मी तडक दुकान उघडून मोतिया रंगाचं, दुहेरी विणीचं, जरीकाठी रेशीम आणलं. सवयीने तोंडापाशी धरून फुंकर मारली. फुंकर अडली. फर्स्ट क्लास माल.

"अहो, स्वल्प पातळ बघा की," बायको म्हणाली. "ह्याच्यातून वारंसुद्धा जायचं नाही."

"म्हणूनच तर!" मी म्हणालो आणि बारीक खिळे ठोकायला बसलो. शेवटचा खिळा ठोकला तोवर पाहुणे जिना चढत होते. एकदा लावून बघायलाही सवड मिळाली नाही.

सगळे बसले. मी रेकॉर्ड लावली. पहिला आलाप सुरू झाला. बाई जणू गोधडीत तोंड घालून गात होत्या. तानपुरा कुठल्या कुठे गेला होता. सम जवळ आली तसा मी श्वासाची वाट बघत बसलो. श्वास आला नाही.

काय झालं ते मला लगेच कळलं. कान चांगला होता ना! उठून ते रेशीम ओरबाडून काढायला हवं होतं. पण मग सांगावं लागलं असतं, की मी कापडवाल्याने कापड कोंबून गाण्याचं तोंड बांधलं. ते माझ्याच्याने होईना. समोरच्या इंजिनिअरने मान कलती करून ऐकलं, शेजाऱ्याकडे पाहिलं आणि नजर चादरीकडे वळवली. माझे कान तापले. ओरडून सांगावंसं वाटत होतं, अहो, मी हे ऐकून घेतलं होतं, बरोबर निवडलं होतं! शरमेने मी दुसरी बाजू संपेपर्यंत मान वर केली नाही.

रेकॉर्ड संपली. "छान, गोड आवाज आहे," कुणीतरी म्हणालं. जुन्या डबड्यालाही लोक तेच म्हणाले असते.

मग प्राध्यापक माझ्याकडे वळले. त्यांनी घसा खाकरला. काय ऐकवायचं ते मी कधीचं ठरवून ठेवलं होतं. झाल्या प्रकारानंतरही, देवा शपथ, मी आशेने ताठ बसलो.

"शेठ," ते म्हणाले, "हे रेशीम फार सुंदर आहे हो. ही मंडळी मघापासून मला विचारताहेत. कसं वार?"

मी उठलो. स्पीकरवरचा काठ चिमटीत धरला आणि भाव सांगितला. पन्हा सांगितला. रंग जाणार नाही, माझी हमी, म्हणालो. उद्या दुकानात या, घरच्या भावात देतो, असंही म्हणालो. संध्याकाळभर दबलेला माझा आवाज आता खणखणीत लागला होता, आणि तो माझा मलाच ऐकवेना. स्वयंपाकघराच्या दारात बायको कॉफीचं तबक घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"वा, येऊ की," प्राध्यापक म्हणाले. मग ते त्या समोरच्या इंजिनिअरकडे वळले.

"बोला पंत, पुढच्या वेळी काय ऐकवता?"