नदीकडची बाजू

सापगावच्या पुलाजवळ एका म्हाताऱ्याची चहाची टपरी आहे. नदीकडची मोकळी बाजू त्याने स्टोव्हला दिलीय आणि गिऱ्हाइकांची बाकडी भिंतीकडे तोंड करून मांडलीत. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. खांद्यावर घडीचा पांढरा नॅपकिन असतो, आणि कप ठेवताना कपाचा कान न चुकता आपल्या उजव्या हाताला येतो. हे वळण मुंबईतल्या समुद्रकाठच्या एका बड्या हॉटेलातलं. ते हॉटेल आता राहिलेलं नाही.

एकदा मी कुरकुरलो, "बाबा, बाकडी नदीकडे फिरवा की!"

"नाय फिरवायची," नदीवरची नजर न काढता चहा गाळत तो म्हणाला. "तिकडं हाटेलात सगळा जल्म तळघरात चायचे ट्रे लावले. समुद्र बघला तो हाटेल पाडल्यावर."

तेव्हापासून मी भिंतीकडे तोंड करून मुकाट चहा पितो.