दोन देवळांचा एक परवलीचा शब्द

पेंग-सू काकांइतका संशयी माणूस आमच्या पंघूच्या बेटांवर दुसरा सापडायचा नाही, आणि हे मी कौतुकानं सांगतेय. चाळीस वर्षं त्यांनी मासेमारी बोटींवरचे रेडिओ दुरुस्त केले. मासे कुठं लागलेत हे एखाद्यानं रेडिओवर उच्चारलं रे उच्चारलं की अर्ध्या तासात सगळ्या बोटी तिथं हजर, हे त्यांनी जन्मभर पाहिलं. म्हणून माझ्या दुकानात ते शेवयासुद्धा कुजबुजून मागवतात.

त्यांची थोरली बहीण सिऊ-ग्वातताई समोरच्या लहान बेटावर दिलेली. वय अठ्ठ्याहत्तर, जिभेला हाड नाही. दर वर्षी आमच्या समुद्रदेवीच्या, माझू आईच्या, वाढदिवसाला त्या बोटीनं माहेरी यायच्या, पालखी बघायच्या आणि माझ्याकडं बसून भावाची यथेच्छ निंदा करायच्या. यंदा खुब्याचं हाड मोडलं. ‘पालखी चुकली तर पुढच्या वर्षी मी असेन की नसेन,’ असं त्यांनी फोनवर सांगितलं आणि काका दोन दिवस जेवले नाहीत.

तिसऱ्या दिवशी कामाला लागले. लहान बेटावर मोबाइलला कधी रेंज असते, कधी नसते. म्हणून एक तबकडी आमच्या देवळाच्या छपरावर, दुसरी ताईंच्या घराच्या गच्चीवर, आणि मधे समुद्रावरून हवेतला पूल. इकडची पालखी तिकडं पडद्यावर दिसणार, तिकडचा आवाज इकडं देवळाच्या कर्ण्यावर येणार. कुणी चोरून ऐकू नये म्हणून जाणारं येणारं सगळं गुंडाळून जाणार. दोन्ही तबकड्यांना जोडलेल्या डब्यांत एकच परवलीचा शब्द असेल तरच ते उलगडणार. काकांचा जीव की प्राण तोच शब्द. पण देवळाचं काम, म्हणून मान राखायला त्यांनी दोन्हीकडच्या पंचांना सांगितलं, “शब्द तुम्ही ठरवून घाला. आठ अक्षरांहून कमी नको.” आणि तिथंच चुकले.

कारण आमच्याकडं विहीर कुठं खणायची हेसुद्धा देवीला विचारून ठरतं. आमच्या पंचांनी चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे टाकून माझू आईला विचारलं, तिनं तीनदा हो म्हटलं, शब्द घातला. लहान बेटावरच्यांनी त्यांच्या माझू आईला विचारलं, तिनंही तीनदा हो म्हटलं. दोन देवळं, दोन शब्द.

पालखीच्या दिवशी सकाळी काकांनी डबे चालू केले. पूल काही जुळेना. समुद्र खवळलेला, बोटी बंद, पालखी दुपारी बाराला. काका घामाघूम.

“तिकडच्यांनी आपला शब्द घालावा,” पंचांचे म्होरके तिन-लाय म्हणाले. “आईनं दिलाय तो.”

फोनवर ताई कडाडल्या, “आणि आमची काय सावत्र आई आहे? तिनं दिलेला शब्द मी माझ्या बोटांनी घातलाय. मी नाही खोडायची!”

“अगं ताई, पालखी तुलाच बघायचीय ना?”

“बघायचीय. म्हणून काय देवीशी भांडू?”

काका उठले, गाभाऱ्यासमोर गुडघे टेकले आणि त्या दोन लाकडी कोरी हातात घेतल्या. “आई, दोन्ही शब्द राहू देत बाजूला. तिसरा घालू का? फक्त मला आणि ताईला ठाऊक असलेला.”

“कुठला शब्द?” तिन-लाय म्हणाले. “देवीला नको कळायला?”

“तिला मनात सांगितलाय. तुम्हाला कशाला हवा?”

पहिल्यांदा दोन्ही कोरी सपाट बाजू वर करून पडल्या. म्हणजे आई हसली. देवळात खसखस पिकली. काकांचे कान लाल झाले, पण त्यांनी पुन्हा टाकल्या. एक उताणी, एक पालथी, म्हणजे हो. पुन्हा हो. पुन्हा हो.

“ताई, इकडं हो मिळालाय.”

“मग झालं. आमच्या आईची मूर्ती तुमच्याच देवळातून आलीय, थोरलीचं ऐकेल. बोल, काय घालू?”

काका फोन घेऊन छपरावर चढले, पार टोकाला गेले आणि तोंडावर हात धरून पुटपुटले, “आपली आई मला जेवायला कशी हाक मारायची, ते. लागोपाठ दोनदा. इंग्रजी अक्षरांत, मधे जागा सोडू नकोस.”

तिकडून हसण्याचा एवढा मोठा आवाज आला की काकांना फोन कानापासून लांब धरावा लागला.

काकांनी इकडच्या डब्यात शब्द घातला; तिकडं एका बोटानं टंकताना ताई दोनदा चुकल्या. बाराला पाच कमी असताना डब्यावरचा हिरवा दिवा लागला.

फटाके फुटले, पालखी निघाली आणि कॅमेऱ्यासमोर येऊन तिनं तीनदा झुकून नमस्कार केला. कॅमेरा काकांनीच धरला होता. तो धरताना चुकून स्वतःकडं वळला असावा. ताईंना पालखीच्या जागी धाकट्या भावाचा रडवेला चेहरा दिसला, आणि कर्ण्यातून, सगळ्या गावादेखत, बाईंनी जिवाच्या आकांतानं हाक मारली.

“ती-साय! ती-साय! अरे, दिसतोस की रे मला!”

ती-साय म्हणजे डुकराचा गू. भुताखेतांची नजर लागू नये म्हणून पूर्वी आया मुलांना असली नावं ठेवायच्या.

गाव लोटपोट झालं. पालखी वाहणारेसुद्धा हसता हसता डगमगले. तिन-लायनी डोळे पुसले आणि म्हणाले, “काका, शब्द फुटला. आता बदलावा लागणार.”

काकांनी कॅमेरा पालखीकडं फिरवला. “नाही बदलायचा,” ते म्हणाले, आणि जन्मात पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाले. “ज्याला चोरून ऐकायचंय त्यानं ऐकावं. मला त्या नावानं हाक मारणारं एकच माणूस उरलंय.”

अजून पूल तसाच आहे, आणि शब्दही तोच. सगळ्या गावाला ठाऊक आहे, पण काकांना त्या नावानं कुणी हाक मारत नाही. रोज संध्याकाळी पाचला ताईंची ती हाक कर्ण्यातूनच येते, आणि काका शेवया तशाच टाकून धावतात.